अर्ध्या ताऱ्याचा सामना

जरा डोळे मिटा बरं. किलकिले नाहीत, पूर्ण. आता एक मोठा हॉल डोळ्यांपुढे आणा. उंच पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंना लाकडी बाकं आणि मधोमध एक चौकोनी मंच, म्हणजे रिंग. चार कोपऱ्यांत चार खांब, खांबांना तीन-तीन दोर. दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता त्या रिंगमध्ये माणसं एकमेकांना उचलून आपटतात आणि बाकांवरची दोनशे माणसं घसा बसेपर्यंत ओरडतात. आलं डोळ्यांपुढे? मग रिंगला लागून एक छोटं टेबलही दिसेल. टेबलावर पितळी घंटा आणि घंटेमागे एक टकला माणूस. तो मी. माझ्याकडे बघू नका. माझ्या शेजारी स्टुलावर उभी राहून वहीत भराभर लिहिणारी मुलगी दिसते ना, तिच्याकडे बघा. गोष्ट तिची आहे.

ती माझी भाची. वय वर्षं अकरा. हॉलमध्ये सगळे तिला चिमटी म्हणतात. तिच्या लिहिण्याने रक्त येत नाही, पण माणूस ‘आई गं’ म्हणतोच.

हॉलसमोर माझं छपाईचं दुकान आहे. दर आठवड्याला मी एक कागद छापतो. त्यात मागच्या रविवारच्या सामन्यांची समीक्षा असते आणि प्रत्येक सामन्याला तारे असतात. पाच तारे म्हणजे अप्रतिम, एक म्हणजे घरी जाऊन झोपला असतात तरी चाललं असतं. आधी ही समीक्षा मीच लिहायचो. पण मला कुणाचं मन दुखवता येत नाही, त्यामुळे माझ्या कागदात सगळ्यांनाच चार तारे मिळायचे आणि लोक त्या कागदाची होडी करायचे. गेल्या वर्षी एकदा मला ताप आला म्हणून चिमटीने लिहिलं. त्या रविवारी एकही होडी झाली नाही. तेव्हापासून लेखणी तिची, शाई माझी.

तिचं लिहिणं कसं, ते ऐका.

‘पहिला सामना. जुळे भाऊ विरुद्ध पोस्टमन. तीन तारे. आपण दोघांपैकी कुणाला मारतोय, हे पोस्टमनने पंचांना दोनदा विचारलं. पत्ता तपासूनच टपाल टाकणारा माणूस!’

‘दुसरा सामना. डोंगर विरुद्ध सुतार. दोन तारे. डोंगर पडायला इतका वेळ घेतो, की मी मधे पाणी पिऊन आले आणि तो पडतच होता.’

हे वाचून डोंगर माझ्या दुकानात आला होता. शंभर किलोचा माणूस, अगदी रडकुंडीला आलेला. म्हणाला, “काका, मी खरंच इतका हळू पडतो?” पुढच्या रविवारी तो असा धाडकन पडला, की टेबलावरची माझी घंटा आपोआप वाजली. चिमटीने चार तारे दिले.

आता एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुमच्यातलं कोणीतरी हात वर करेल. हो, कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे, पहिल्या बाकावर बसून दात नसलेल्या तोंडाने शिव्या घालणाऱ्या आजींनाही ठाऊक आहे. नाटकात राजा मरतो, तेव्हा कोणी पोलिसांना फोन करतं का? पण पडणं खोटं नसतं. खांद्यावरून खाली आपटलं की पाठ आपटतेच, पाठीला सोंग घेता येत नाही. म्हणून तर समीक्षा करायची. कोण जिंकलं याची नाही, एकमेकांना किती जपलं याची.

लेखणी हातात देताना मी चिमटीला दोन गोष्टी शिकवल्या होत्या.

पहिली, सामना दोनदा बघायचा. पहिल्यांदा रविवारी, तोंड उघडं टाकून, मजेसाठी. दुसऱ्यांदा दुकानातल्या कॉम्प्युटरवर, कारण गॅलरीतल्या कॅमेऱ्यात सगळं टिपलेलं असतं. आणि दुसऱ्यांदा बघताना नजर फक्त पडणाऱ्यावर ठेवायची. मारणारा काय, दिसतोच. तो दिसण्यासाठीच उभा असतो.

दुसरी गोष्ट हातांची. दोघे एकमेकांना भिडले, की एकजण दुसऱ्याचं मनगट हळूच दाबतो. म्हणजे, ‘ठीक आहेस ना?’ दुसऱ्याने उलट दाबलं, की ‘ठीक आहे, चालू दे.’ बाकांवरून हे कुणाला दिसत नाही. आणि हातात जे बोललं जातं ते हातातच ठेवायचं, बाहेर कुणी सांगायचं नाही, हा आमच्या हॉलचा जुना रिवाज.

आता गोणीची ओळख करून देतो. गोणी म्हणजे गाद्या शिवणाऱ्या बाई. पोरं तिला गोणीमावशी म्हणतात. दिवसा कापूस पिंजायचा, गाद्यांना टाके घालायचे, आणि रविवारी रिंगमध्ये येऊन हरायचं. एकोणीस वर्षं ती हरत होती. जिला कुणी ओळखत नाही अशी नवी मुलगी आली, की पहिला सामना गोणीबरोबर. गोणीला उचलून आपटलं की नवी मुलगी लोकांना लगेच जबरदस्त वाटायची, इतकी ती सुंदर पडायची. कुणी विचारलं, “लागत नाही का हो?” तर हसायची, “गादीवालीला पडायला शिकवता होय?”

चिमटीचा गोणीवर फार जीव. आणि आता गोणीचा शेवटचा सामना आला होता. गुडघे कुरकुरायला लागले होते. ठरलं असं, की शेवटच्या सामन्यात वीज नावाच्या तडफदार मुलीला हरवून गोणी जिंकेल. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! त्यानंतर हॉलच्या मालकीणबाई रविवारी सकाळी मुलांसाठी कुस्तीचा वर्ग सुरू करणार होत्या आणि तो गोणीला द्यायचा त्यांच्या मनात होतं. गोणीला दुसरं काही नकोच होतं. शिलाईच्या मशीनवर तिने मुलांसाठी छोट्या गाद्यासुद्धा शिवायला घेतल्या होत्या, कुणी सांगितलेलं नसताना.

चिमटीने काय केलं असेल? तिने समीक्षा शनिवारीच लिहून ठेवली. सामना रविवारी! ‘अखेर गोणी जिंकली. पाच तारे.’ खाली दुहेरी रेघ मारून मोकळी.

“अगं, सामना अजून व्हायचाय,” मी म्हणालो.

“मामा, ठरलेलंच आहे ना?”

“पावसाचंही पंचांगात ठरलेलं असतं.”

“तुझं आपलं काहीतरीच!”

रविवार आला. हॉल फुटेल इतकी गर्दी. गोणी आणि वीज पंधरा मिनिटं अशा खेळल्या, की पहिल्या बाकावरच्या आजी शिव्या द्यायच्या विसरल्या. मग वीज वरच्या दोरावर चढली आणि तिने झेप घेतली. गोणी बाजूला सरकली, वीज मॅटवर आदळली. हे सगळं ठरल्याप्रमाणे. आता गोणीने तिला उठवायचं, डोक्यावर उचलायचं, आपटायचं, की संपलं. चिमटी स्टुलावर टाचा उंचावून उभी. गोणीने विजेचं मनगट धरलं, तिला अर्धवट उभं केलं. थांबली. अजून थांबली. आणि मग पाय घसरल्यासारखी स्वतःच मागे पडली. वीज तिच्या अंगावर. पंचांनी मॅटवर हात मारला, एक, दोन, तीन; तीनपर्यंत पाठ टेकलेली राहिली, की हार. मी घंटा वाजवली. वाजवावीच लागते.

 मग कोणीतरी खो-खो हसलं. मागून आवाज आला, “गोणी ती गोणीच!”

चिमटीने वहीतलं पान टरकावलं.  बुधवारी तिने नवी समीक्षा माझ्या टेबलावर आपटली.

‘चौथा सामना. गोणी विरुद्ध वीज. अर्धा तारा. एकोणीस वर्षं हरायची सवय लागली, की जिंकणंसुद्धा विसरायला होतं. रिंगमध्ये उभं कुठे राहायचं हे जिला आठवत नाही, ती इतरांना काय शिकवणार?’

मी चष्मा पुसला. “दुसऱ्यांदा बघितलास?”

“त्यात बघायचं काय? दोनशे लोकांनी बघितलंय.”

“मी पडणाऱ्याचं विचारतोय.”

“मामा, घसरली ती! मला नाही पुन्हा बघायचं.” तिने कागद माझ्याकडे आणखी ढकलला. “किती वाट बघितली होती मी.”

आता तुम्ही म्हणाल, मामाने कागद अडवायचा होता. खरं आहे. पण मला तरी काय माहीत होतं? मी रिंगच्या खाली बसतो, मला सगळ्यांच्या पोटऱ्याच दिसतात. विजेला डॉक्टरांनी तीन आठवडे विश्रांती सांगितली आहे, एवढंच कानावर आलं होतं. आणि लेखणी एकदा दिली, की हिसकावून घ्यायची नसते. मी एवढंच म्हणालो, “कागद तुझा. चूक निघाली तर तीही तुझीच. शाई मात्र पुसता येत नाही, हे लक्षात ठेव.” शनिवारी दोनशे प्रती छापल्या.

रविवारी दुपारी तीन वाजता गोणी दुकानात आली. माझ्या खुर्चीची उशी शिवून आणली होती. गठ्ठ्यातला वरचा कागद तिने उचलला आणि उभ्याउभ्याच वाचला. चिमटी कात्री घेऊन उगाच कागदाचे तुकडे करत होती, मान खाली.

“छान लिहितेस गं,” गोणी म्हणाली. “ते पोस्टमनचं वाचून हसू आलं.”

“आणि... चौथं?”

“जे दिसलं ते लिहिलंस. डोळे तुझे आहेत.” तिने कागदाची चार घड्यांची पुडी केली, पिशवीत जपून ठेवली. “पंचांनी सांगितलं, मालकीणबाई आज चहाबरोबर हाच कागद वाचणार आहेत. आईवडील हा कागद वाचूनच पोरांना पाठवतात म्हणे. जाऊ दे. त्या छोट्या गाद्या मी कुणाला तरी देऊन टाकेन.” आणि चिमटीच्या डोक्यावर टप्पल मारून गेली.

ती ओरडली असती तर चिमटीला बरं वाटलं असतं. शेरास सव्वाशेर उत्तर तिने तयारच ठेवलं होतं. पण टप्पल? टपलीला काय उत्तर द्यायचं? पाच मिनिटं ती नुसतीच कात्री चालवत राहिली. मग कात्री ठेवून कॉम्प्युटरसमोर जाऊन बसली.

 मी दोन कप चहा ओतला.

पहिल्यांदा तिने पूर्ण सामना पळवत शेवटाशी आणला. मग मागे नेला. मग पुन्हा. मी कपाळावर चष्मा चढवून लांबूनच बघत होतो. अचानक तिने खुर्ची ओढली, नाक पडद्याला टेकेल इतकी.

“मामा, इकडे ये. पडणाऱ्याकडे बघ.”

“पडणारी गोणी ना?”

“नाही रे! आधी वीज पडली. तिच्याकडे कुणी बघितलंच नाही.”

वीज वरून आली तेव्हा तिचं डोकं कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाला लागलं होतं. जेमतेम दिसेल न दिसेल असं. मग गोणीने तिचं मनगट धरलं. चिमटीने चित्र सावकाश पुढे सरकवलं. गोणीची बोटं आवळली. विजेचा हात तसाच. बोटं पुन्हा आवळली. हात तसाच. तिसऱ्यांदा. विजेचा हात ओल्या फडक्यासारखा लोंबत होता.

“उलट दाबलंच नाही तिने,” चिमटी कुजबुजली. “तीनदा विचारलं मावशीने, मामा. तीनदा!”

पुढचं मग आपोआप दिसलं. शुद्ध हरपत चाललेल्या मुलीला डोक्यावर उचलून आपटायचं नव्हतं. गोणी मागे पडली, पण एक हात विजेच्या मानेखाली ठेवून. म्हणजे ती गोणीच्या अंगावर पडली, गादीवर पडावी तशी. तीन मोजून होईपर्यंत तो हात तिथून हलला नाही. तिला खाली टेकवून वर झोपून जिंकावं, तर सगळा भार तिच्या डोक्यामानेवर आला असता; सामना संपवायचा याहून झटपट आणि सुरक्षित रस्ता नव्हता. त्यासाठी गोणीने काय सोडलं, ते तुम्हाला माहीत आहेच.

“मग तिने सांगितलं का नाही कुणाला?”

“हातातलं हातातच ठेवायचं. रिवाज.”

चिमटी रडली. थोडंच. मग नाक पुसून घड्याळाकडे बघितलं. पावणेचार. मालकीणबाईंचा चहा चारला. गठ्ठा छातीशी धरून ती रस्ता ओलांडून पळाली आणि मी माझी पोटाची गोणी सावरत मागे.

मालकीणबाई ऑफिसात होत्या. टेबलाशी वीजही बसली होती, डॉक्टरांची चिठ्ठी दाखवायला आलेली. हॉलचे पंच दारात उभे. चिमटीने धापा टाकत म्हटलं, “हा कागद वाचू नका.”

“का बरं? शाई ओली आहे?”

“चुकीचा आहे. मी दुसऱ्यांदा बघितलंच नव्हतं.” आणि मग तिची गाडी अडली. रिवाज तिलाही ठाऊक होता. ती विजेकडे वळली. “ताई, तुझ्या हातातली गोष्ट आहे. सांगू का?”

वीज गोंधळली. “माझ्या? मला तर झेप घेतल्यानंतरचं काही आठवतच नाही गं. डॉक्टर म्हणाले, त्यानंतर कुणी उचलून आपटलं असतं तर कठीण होतं. मी म्हटलं, नशीब. सांग ना.”

चिमटीने सांगितलं. फार सजवलं नाही. मनगट, तीनदा, मानेखालचा हात. पंच इतका वेळ छताकडे बघत होते. मालकीणबाईंनी विचारलं, “खरं का हो?” तेव्हा ते म्हणाले, “मी दीड हातावर होतो, बाई. खरं आहे.”

वीज बराच वेळ आपल्या मनगटाकडे बघत राहिली. जणू तिथे काही उमटलेलं आहे. मग उठली, “कुठे आहे ती?” म्हणाली आणि धावायची बंदी असतानाही जवळजवळ धावतच गेली. कपडे बदलायच्या खोलीतून गोणीचा आवाज आम्हाला ऐकू आला, “अगं सोड, सोड! डोकं सांभाळ! मलाच पाडशील आता!” आणि मग दोघींचा रडण्याहसण्याचा एकच कालवा.

मालकीणबाईंनी कागद उचलला. “पण छापून झालेत ना दोनशे? बाहेर रांग लागली आहे. आता हे काय करायचं?”

“वाटायचे,” चिमटी म्हणाली. “मागची बाजू कोरी आहे.”

मग आम्ही सगळे लिहायला बसलो. चिमटी, मी, पंच, मालकीणबाई स्वतः, आणि थोड्या वेळाने डोळे पुसत आलेली वीज. डोंगरालाही बोलावलं; त्याचं अक्षर मोत्यासारखं निघालं. समोरच्या बाजूला ‘गोणी विरुद्ध वीज’ खोडून तिथे ‘समीक्षक’ असं लिहायचं, म्हणजे अर्धा तारा बरोबर जागी गेला. आणि मागे चिमटीने सांगितलं ते.

‘चौथा सामना, दुसऱ्यांदा बघून. गोणीने तीनदा विचारलं. उत्तर आलं नाही, तेव्हा ती स्वतः हरली. पाच तारे. याहून जास्त तारे आमच्या कागदात नाहीत. मावशी, एकोणीस वर्षं तू सगळ्यांना सांभाळून पाडलंस आणि सांभाळून पडलीस. आम्ही जिंकणाऱ्यांकडेच बघत होतो. चूक झाली. आभार.’

सामने अर्धा तास उशिरा सुरू झाले. पण कुणी कुरकुर केली नाही. लोक कागद उलटा करून वाचत होते. पहिल्या बाकावरच्या आजींना शेजारच्याने वाचून दाखवलं, तर त्यांनी त्यालाच विचारलं, “त्या दिवशी हसलास तो तूच ना रे?” मग मालकीणबाईंनी गोणीला रिंगमध्ये बोलावलं. पुढच्या रविवारी सकाळी नऊ वाजता मुलांचा वर्ग, शिकवणार गोणी, एवढंच त्या म्हणाल्या. आख्खा हॉल उभा राहिला. टाळ्या इतक्या झाल्या, की मी घंटा वाजवली ती मलाच ऐकू आली नाही. गोणी मधोमध उभी, दोन्ही हात कुठे ठेवावेत ते न कळून पदराशी करावा तसा पँटच्या खिशाशी चाळा करत. पडायची तिला सवय होती. उभं राहून टाळ्या घ्यायची नव्हती.

पुढच्या रविवारी नऊ वाजता हॉलमध्ये तेवीस मुलं. कडेने आईवडील. रिंगमध्ये छोट्या नव्या गाद्या ओळीने मांडलेल्या, टाके एकसारखे. मी कागदासाठी दोन ओळी मिळतात का बघायला चिमटीला बरोबर नेलं होतं. ती नेहमीसारखी माझ्या टेबलाशी, स्टुलावर, वही उघडून.

गोणी म्हणाली, “पहिला धडा पडण्याचा. आपटण्याचा धडा सगळ्यात शेवटी, तोही मला वाटलं तर. कोण येतं आधी?”

तेवीस मुलांनी एकमेकांकडे बघितलं. जो तो दुसऱ्याच्या पाठीमागे.

चिमटीने वही मिटली. माझ्या हातात दिली. मग स्टुलावरून उतरून चपला काढल्या, घंटेच्या टेबलाखाली नीट ओळीत ठेवल्या आणि दोराखालून आत गेली. गोणीने तिचं मनगट धरून हळूच दाबलं.

चिमटीने उलट दाबलं, आणि डोळे उघडे ठेवून मागे पडली.